कुश की शल्य? श्वान व मार्जार यांच्या अस्थिशस्त्रकर्मानंतर होणारा जंतुसंसर्ग : एक अभ्यास

प्रस्तावना

कुत्र्यामांजरांच्या हाडांविषयीचा लेख आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. पशुचिकित्सेचा विचार आपल्या शास्त्राला नवा नाही. पालकाप्यांचा हस्त्यायुर्वेद आणि शालिहोत्रांच्या नावाने चालत आलेली अश्वचिकित्सा यांची नावे आपण विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. तथापि प्रस्तुत लेख या परंपरेचा गौरव करण्यासाठी लिहिलेला नाही. आमच्या हातून घडलेली एक चूक आणि तिच्या निमित्ताने सुश्रुतसंहितेचे जे पुनर्वाचन झाले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवावे एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

जुळे सोलापूरचा परिसर गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने वाढला. विजापूर रस्ता आणि होटगी रस्ता यांच्या मधल्या माळावर वसाहती उभ्या राहिल्या, घरोघरी कुत्री-मांजरे आली आणि रस्त्यांवर वाहनेही वाढली. दुचाकीखाली सापडलेले कुत्रे वा तिसऱ्या मजल्यावरून पडलेले मांजर ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. पूर्वी अशा प्राण्याचे हाड मोडले, तर ते तिरपे जुळून तो जन्मभर लंगडत असे. आता पशुशल्यचिकित्सक पोलादी पट्टी, स्क्रू वा अस्थिमज्जेत घालावयाची पिन यांच्या साहाय्याने हाड सांधतात. १८८६ साली सुरू झालेल्या परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयापासून नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील महाविद्यालयांपर्यंत हे शिक्षण दिले जाते व शहरांतून अशी शस्त्रकर्मे नित्य होतात.

शस्त्रकर्म पशुवैद्य करतात, परंतु घरी आल्यावर जखम ओली दिसली की शेजारचा माणूस आपल्याकडे येतो. “डॉक्टरसाहेब, जखमेचं ते तेल द्या की थोडं, माणसाला चालतं म्हणजे कुत्र्यालाबी चालेलच की,” हे वाक्य सोलापुरातील आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. या वाक्यास काय उत्तर द्यावे, हाच या लेखाचा विषय आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या चिकित्सालयाजवळ राहणाऱ्या एका कुटुंबातील तीन वर्षांच्या गावठी कुत्र्याचे मागील पायाच्या मांडीचे हाड वाहनाच्या धक्क्याने मोडले. पशुशल्यचिकित्सकांनी पट्टी बसविली. टाके निघाले, कुत्रे पाय टेकू लागले. सुमारे तीन आठवड्यांनी व्रणाच्या खालच्या टोकाशी हरभऱ्याएवढे ओले छिद्र दिसू लागले. त्यातून थोडा लालसर, चिकट स्राव येई. घरच्या मंडळींनी आम्हांस विचारले. आम्ही एकदा पाहिले, व्रण लहान व उथळ मानला आणि जात्यादि तेल लावण्यास दिले.

आठ दिवसांत छिद्र बुजले. मंडळी प्रसन्न झाली आणि आम्हीही. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत कुत्र्याने पाय उचलून धरला, अन्न सोडले, अंग तापले आणि मांडी सुजून कठीण झाली. पशुशल्यचिकित्सकांनी क्ष-किरण चित्र काढले, तेव्हा दोन स्क्रूंच्या भोवती हाड विरघळल्याची काळी वलये दिसली. सूज फोडल्यावर खोलवरून पू निघाला. त्याच्या कल्चरमध्ये स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू वाढले आणि नेहमीची कित्येक प्रतिजैविके त्यांच्यावर निष्प्रभ ठरली.

छिद्र हा रोग नव्हता. आतील पुवाने स्वतःसाठी केलेली ती वाट होती आणि ती वाट आम्ही वरून बंद केली. तेलाचा त्यात दोष नव्हता. आमच्या निदानाचा होता.

जंतू कोठून येतात व कसे टिकतात

श्वानांच्या त्वचेवर, नाकात, तोंडात व गुदभागी स्टॅफिलोकोकस स्यूडइंटरमीडियस नावाचा जंतू निरोगी अवस्थेतही वास करतो. या जंतूस स्वतंत्र जाती म्हणून २००५ साली ओळख मिळाली. तत्पूर्वी त्याची गणना स्टॅफिलोकोकस इंटरमीडियस या नावाखाली होत असे. शस्त्रकर्मानंतरच्या संसर्गात श्वानांमध्ये बहुधा हाच सापडतो. त्याचे मेथिसिलीनला न जुमानणारे प्रकार जगभर आढळतात व त्यांवर सेफॅलोस्पोरिन वर्गातील नित्याची औषधे चालत नाहीत. याखेरीज माणसाच्या नाकातील स्टॅफिलोकोकस ऑरियस, आतड्यांतील जंतू आणि कुत्र्यामांजरांच्या तोंडातील पाश्चुरेला हेही व्रणात शिरू शकतात. प्राणी आपला व्रण जिभेने चाटतो म्हणजे तो धुतो, असा लोकांचा समज आहे. वस्तुतः चाटण्याने तोंडातील जंतू व्रणात जातात, टाके सैल होतात आणि ओलावा टिकून राहतो. गळ्यात घातलेली नरसाळ्यासारखी कॉलर प्राण्यास आवडत नाही व घरच्यांना दया येते. परंतु दयेपोटी ती एक रात्र काढली, तरी चांगले शस्त्रकर्म वाया जाऊ शकते.

स्वच्छ अस्थिशस्त्रकर्मानंतर संसर्गाचे प्रमाण सामान्यतः शंभरात दोन ते पाच असे सांगितले जाते. गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्यावर नडगीच्या हाडाचा माथा कापून, फिरवून, पट्टीने बसविण्याचे जे टीपीएलओ नावाचे शस्त्रकर्म मोठ्या कुत्र्यांत केले जाते, त्यात हे प्रमाण याहून अधिक आढळते. नडगीच्या आतील बाजूस पट्टीवर मांसाचे आवरण फारच थोडे असते, हे त्याचे एक कारण होय. वेळेचाही संबंध आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या श्वान-मार्जारांच्या एका मोठ्या पाहणीत ९० मिनिटे चाललेल्या शस्त्रकर्मात संसर्गाची शक्यता ६० मिनिटांच्या शस्त्रकर्माच्या सुमारे दुप्पट आढळली. भूल देण्यापूर्वीच केस कापून ठेवलेल्या प्राण्यांतही संसर्ग अधिक दिसला. कातरणीने त्वचेवर होणाऱ्या सूक्ष्म जखमांत जंतूंना वाढण्यास अवधी मिळतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

धातूच्या पृष्ठभागावर जंतू एकदा चिकटले की ते स्वतःभोवती चिकट द्रव्याचे आवरण निर्माण करतात. यास बायोफिल्म म्हणतात. विहिरीच्या पायरीवर धरलेले शेवाळ जसे नुसत्या पाण्याने निघत नाही, घासावेच लागते, तसे हे आवरण केवळ औषधाने निघत नाही. आवरणातील जंतू मंदगतीने जगतात, त्यामुळे वाढणाऱ्या जंतूंना मारणारी प्रतिजैविके त्यांच्यावर पुरेसे काम करीत नाहीत. शरीराच्या रक्षक पेशीही तेथे पोहोचू शकत नाहीत. औषध चालू असता स्राव थांबतो, बंद करताच पुन्हा सुरू होतो. ही आवृत्ती दिसली की पट्टीवर बायोफिल्म आहे असेच समजावे. म्हणूनच रोपण बसविलेल्या शस्त्रकर्मानंतर टाके निघाले म्हणजे धोका टळला असे मानीत नाहीत. मानवी शल्यशास्त्रात अशा रुग्णांतील खोल संसर्गासाठी ९० दिवसांपर्यंत लक्ष ठेवण्याचा प्रघात आहे आणि पशुवैद्यकातही तोच विचार स्वीकारला गेला आहे.

सुश्रुताचार्यांचा दृष्टिकोन

भग्नचिकित्सिताच्या अध्यायात आचार्यांनी वैद्यास स्पष्ट बजावले आहे की भग्नास पाक होणार नाही असा प्रयत्न करावा, कारण मांस, सिरा व स्नायू पिकले म्हणजे तो भग्न कष्टाने साध्य होतो. आधुनिक अस्थिशल्यशास्त्राचे पहिले सूत्रही याहून वेगळे नाही.

त्याच अध्यायात कुश सांगितले आहेत. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली, तसेच वेळू, साल, वड यांपासून केलेल्या या पट्ट्या भग्नावर बांधावयाच्या असतात. बंध सैल झाल्यास सांध्यास स्थैर्य येत नाही, घट्ट झाल्यास शोथ, रुजा व पाक होतो, असे सांगून बंध बदलण्याचा काळही ऋतूनुसार दिला आहे : शीत काळी सात दिवसांनी, साधारण काळी पाच दिवसांनी आणि उष्ण काळी तीन दिवसांनी. सोलापूरचा एप्रिल-मे ज्याने अनुभवला आहे, जेथे पारा चाळिशी ओलांडतो, त्यास या तीन दिवसांचे मर्म वेगळे सांगावयास नको. कुत्र्याच्या पायावरील बाह्य बंध घामाने नव्हे तरी पाण्याने, मूत्राने व चाटण्याने ओला होतो. त्याखाली त्वचा शिजते.

आता प्रश्न असा की हाडावर बसविलेली पोलादी पट्टी म्हणजे काय? ती कुश आहे की शल्य? आमच्या मते ती दोन्ही आहे आणि कोणत्या काळी काय आहे हे ओळखणे हेच या विषयाचे सार होय.

हाड जुळेपर्यंत पट्टी हा कुश आहे. तिचे काम स्थैर्य देण्याचे. संसर्ग झालेला असतानाही, पट्टी घट्ट असेल व भग्नस्थान हलत नसेल, तर हाड जुळू शकते हे आज निश्चितपणे ज्ञात आहे. याउलट हाड हलत राहिले तर संसर्ग वाढतो व हाडही जुळत नाही. म्हणून संसर्ग दिसताच पट्टी काढा, असा आग्रह धरणे चुकीचे होय. हाड जुळल्यावर मात्र, संसर्ग शिल्लक असल्यास, तीच पट्टी शल्य होते. शरीरास बाधा करणारे ते शल्य आणि ते असेपर्यंत व्रण भरत नाही. निदानस्थानात नाडीव्रणाचा शल्यनिमित्तज प्रकार सांगितला आहे, तो हाच. त्याच्या चिकित्सेत नाडी उघडणे, शल्य काढणे, मार्गाचे शोधन करणे आणि त्यानंतर रोपण, असा क्रम आहे. आम्ही या क्रमातील शेवटची पायरी प्रथम केली होती.

आणखी एक वचन आम्हांस त्या वेळी आठवावयास हवे होते. सूत्रस्थानाच्या अग्रोपहरणीय अध्यायात आचार्य सांगतात की आत दोष शिल्लक असलेल्या व्रणाचे घाईने रोपण करू नये. असा व्रण थोड्याशा अपचारानेही आत पोकळी करून पुन्हा विकृत होतो. विद्यार्थिदशेत हे आम्ही पाठ केले होते. व्यवसायात आल्यावर, व्रण भरलेला पाहण्याच्या आनंदात, विसरलो.

लक्षणे : न बोलणाऱ्या रुग्णाचे आम-पक्व परीक्षण

आम, पच्यमान व पक्व शोथाची लक्षणे आपण जाणतोच. परंतु प्राण्यात त्वचेचा वर्ण केसांखाली झाकलेला असतो व वेदना सांगण्यास वाणी नसते. शिवाय आमपक्वैषणीय अध्यायात आचार्यांनीच इशारा दिला आहे की कफज, खोलवर गेलेल्या व काही अभिघातज शोथांत पक्वलक्षणे पूर्ण दिसत नाहीत आणि वैद्य मोहात पडतो. पट्टीखालचा पू बहुधा असाच असतो. म्हणून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. शस्त्रकर्मानंतर दोन-तीन दिवस थोडी सूज व पायाच्या खालच्या भागात निळसरपणा स्वाभाविक आहे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर वाढणारी सूज, उष्णता वा स्राव स्वाभाविक नाही.

२. आधी पाय टेकू लागलेल्या प्राण्याने पुन्हा पाय उचलून धरणे हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय. त्याची दोन कारणे संभवतात : पट्टी वा पिन सैल झाली अथवा संसर्ग झाला. दोन्हींत क्ष-किरण चित्र अगत्याचे आहे.

३. एकाच जागी सतत चाटणे हे कुत्र्याचे वेदना सांगणे समजावे.

४. मांजर बहुधा लंगडून दाखवीत नाही. ते लपून बसते, उंचावर उडी मारणे सोडते, अंग चाटून स्वच्छ ठेवीत नाही, खाणे कमी करते.

५. बंद होऊन पुन्हा उघडणारे छिद्र म्हणजे नाडीव्रण, असेच धरून चालावे. पू वाहून गेल्यावर वेदना कमी होते आणि प्राणी बरा वाटतो. या बरे वाटण्यानेच बहुतेक फसगत होते.

चिकित्सेची दिशा

शल्यचिकित्सक छेदापूर्वी साधारण ३० ते ६० मिनिटांत सेफाझोलिनसारखे प्रतिजैविक शिरेवाटे देतात व शस्त्रकर्म लांबल्यास ते पुन्हा देतात. छेदाच्या क्षणी ऊतींत औषध असावे हा त्यामागील हेतू. नंतर दिवसेंदिवस गोळ्या देत राहिल्याने शस्त्रकर्मगृहातील अस्वच्छता भरून निघत नाही.

संसर्ग झाल्यावर वरच्या स्रावाऐवजी खोल ऊतीचा वा पुवाचा नमुना, शक्यतो नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, कल्चरसाठी घेतात. वरच्या छिद्रात त्वचेवरील अनेक जंतू सापडतात व ते दिशाभूल करतात. पू वाहू दिला जातो, मृत अस्थिखंड असल्यास काढला जातो, पट्टी घट्ट असल्यास ठेवली जाते, सैल असल्यास बदलली जाते. कल्चरप्रमाणे औषध कित्येक आठवडे द्यावे लागते आणि हाड जुळल्यावर पट्टी काढली जाते. आमच्या शेजारच्या कुत्र्यातही हाच क्रम झाला. सुदैवाने पट्टी मधल्या भागात घट्ट होती. सुमारे चार महिन्यांनी हाड जुळले, पट्टी निघाली आणि त्यानंतर नाडी आपोआप भरून आली. पाय किंचित आखडला तो आखडलाच.

वैद्याने काय करू नये

अ) भग्नात लसूण, लाक्षा, मध व तूप यांचा कल्क आपल्या परिचयाचा आहे. तो कुत्र्यास वा मांजरास कदापि देऊ नये. लसूण व कांदा यांतील गंधकयुक्त द्रव्यांनी या प्राण्यांच्या रक्तातील लाल पेशी फुटतात व पांडुता येते. मांजरात थोड्या मात्रेतही हा धोका असतो. माणसाचे पथ्यकर द्रव्य दुसऱ्या योनीत विष होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण नाही.

आ) माणसाची वेदनाशामके सुचवू नयेत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर दगावू शकते, कारण ते द्रव्य निरुपद्रवी करून बाहेर टाकण्याची शक्ती त्याच्या यकृतात फारच कमी असते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरास व वृक्कास घातक आहे.

इ) फिनाईल वा फिनॉल वर्गातील जंतुनाशके व कापूरयुक्त मलमे मांजराच्या त्वचेवर लावू नयेत. ते चाटते व द्रव्य पोटात जाते.

ई) शस्त्रकर्माच्या व्रणावर शल्यचिकित्सकांना विचारल्याविना कोणतेही तेल, लेप वा हळद लावू नये. बुजलेले तोंड रोगाचा पुरावा झाकते.

उ) घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देण्यास अनुमती देऊ नये. अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, निर्ढावतात. केंद्र सरकारने २०१७ साली प्रतिजैविक-प्रतिरोधाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०१९ साली अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली. माणसाचे जंतू आणि जनावराचे जंतू असे दोन वेगळे संसार नाहीत, हेच त्यांतून दिसते. ऑरियस हा जंतू पुष्कळदा घरच्या वा रुग्णालयातील माणसाकडूनच प्राण्याकडे जातो आणि कुत्र्याचा जंतू क्वचित दुर्बल माणसाच्या जखमेत शिरतो. व्रण हाताळणाऱ्याने आधी व नंतर साबणाने हात धुवावेत, मधुमेही वा जखम असलेल्या व्यक्तीने शक्यतो हाताळू नये, हे सांगणे मात्र आपल्या अधिकारात निश्चित येते.

अधिकाराचा प्रश्न निघालाच आहे, तर स्पष्ट नमूद करणे योग्य. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेच करावयाचा आहे. आपली बी.ए.एम.एस. पदवी त्यासाठी पुरेशी नाही. शेजारधर्म म्हणून दिलेले तेलही चिकित्साच ठरते.

उपसंहार

मग आपण काय करावे? आमच्याकडे आता कोणी प्राण्याची जखम घेऊन आले, तर आम्ही चार प्रश्न विचारतो : आत पट्टी वा पिन आहे काय, शस्त्रकर्मास किती दिवस झाले, पाय टेकत होता तो आता टेकतो काय, आणि छिद्र पूर्वी बंद होऊन पुन्हा उघडले काय. त्यानंतर त्याच दिवशी शस्त्रकर्म केलेल्या पशुवैद्यांकडे जाण्यास सांगतो, आवश्यक वाटल्यास स्वतः दूरध्वनी करून कळवितो. औषध देत नाही. काही मंडळी नाराज होतात, आपल्या वैद्याला एवढेही येत नाही असे म्हणतात. ते आम्ही ऐकून घेतो.

ते कुत्रे पुढे बरीच वर्षे जगले. सकाळी चिकित्सालयासमोरून जाताना ते मागचा पाय जरा आखडून टाकीत असे. त्या पायाकडे पाहिले की अग्रोपहरणीय अध्यायातील ते वचन आम्हांस स्मरत असे. व्रण भरला म्हणजे रोग गेला असे नव्हे. आत काय आहे हे कळेपर्यंत रोपणाची घाई न करणे, हीही चिकित्साच आहे.